न्यू जर्सी: शाळेचा कर आवरायचा तर कात्री नेमकी कुठे लावायची?

कडुनिंब | २ मार्च, रात्री १०:२०

गेल्या आठवड्यात राज्याच्या मदतीचे आकडे जाहीर झाले आणि दोनच दिवसांत आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची (गावच्या पब्लिक शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेची) मेल आली. मदत घटली आहे, बजेट बसत नाही, म्हणून पुढच्या वर्षी मिडल स्कूलची ग्रंथपालाची जागा, पाचवीचा व्हायोलिन-चेलोचा वर्ग आणि दोन मैलांच्या आत राहणाऱ्या मुलांची बस, हे तिन्ही बंद. एवढं करूनही कर वाढणारच आहे.

माझी धाकटी आठवीत आहे. हातात व्हायोलिन तिने पहिल्यांदा धरलं ते इथल्याच शाळेत, पाचवीत. शेजारचे काका-काकू निवृत्त आहेत. घराचं कर्ज कधीच फिटलंय, पण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, दर तीन महिन्यांनी कराचा हप्ता दारात उभा. काकू परवा म्हणाल्या, "घर आपलं झालं असं अजून वाटत नाही रे." मला दोन्ही बाजू रोज दिसतात, म्हणून हा धागा.

२०२४ मध्ये राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा शाळांचा असतो. म्हणजे कराचा भार कमी करायचा तर शाळेच्या खर्चाकडे बघावंच लागेल. पण बघायचं कसं?

मी नोकरीत खर्चाचे हिशेबच करतो. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर 'यूजर-फ्रेंडली बजेट' नावाची फाइल असते, ती कायद्यानेच ठेवावी लागते. तीन संध्याकाळी ती घेऊन बसलो. शिवाय राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी एक 'टॅक्सपेअर्स गाइड' काढतं, त्यात आपल्या डिस्ट्रिक्टचा दर मुलामागचा खर्च सारख्या आकाराच्या इतर डिस्ट्रिक्टांशेजारी ठेवून बघता येतो. दोन्ही वाचून झाल्यावर मला जे वाटलं ते असं.

शाळेच्या खर्चात पगार आणि आरोग्यविमा वगैरे धरून साधारण चार पंचमांश रक्कम माणसांवर जाते. कागद, खडू, पुस्तकं, वाद्यं यांचा वाटा अगदी किरकोळ. व्हायोलिनचा वर्ग बंद केला तर प्रत्येक घरामागे वर्षाला मोजके डॉलर वाचतील. हे डॉलर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत, वर्ग बंद झालेला मात्र दहा वर्षं दिसेल. खरा खर्च जिथे आहे तिथे कुणी बोटच ठेवत नाही.

एकच उदाहरण देतो. आमच्याकडे दोन प्राथमिक शाळा आहेत, दोन्ही बालवाडी ते पाचवी. गेल्या काही वर्षांत पट घसरलाय. पण पट घसरला म्हणून शिक्षक आपोआप कमी होत नाहीत, कारण मुलं कमी होतात ती प्रत्येक इयत्तेत दोन इकडची, तीन तिकडची. समजा एका इयत्तेत या शाळेत ५२ मुलं आहेत आणि त्या शाळेतही ५२. वर्गाची मर्यादा २५. दोन्हीकडे तीन-तीन तुकड्या कराव्या लागतात, एकूण सहा. हीच १०४ मुलं एका इमारतीत असती तर पाच तुकड्या पुरल्या असत्या, प्रत्येकीत २१ च्या आत. मर्यादा मोडली नाही, कुणाचा वर्ग खच्चून भरला नाही, आणि त्या इयत्तेत एक शिक्षक कमी लागला. सगळ्या इयत्तांत असंच जमेल असं नाही, पण तीन इयत्तांत जमलं तरी ग्रंथपाल आणि व्हायोलिन दोन्ही वाचतात.

यासाठी एक शाळा बालवाडी ते दुसरी आणि दुसरी शाळा तिसरी ते पाचवी अशी वाटणी करावी लागते. ही कल्पना नवी नाही. १९४८ मध्ये प्रिन्स्टनमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा मोडताना हेच केलं होतं, म्हणून तिला 'प्रिन्स्टन प्लॅन' म्हणतात. तेव्हा हेतू मुलांना एकत्र आणण्याचा होता, त्याच मांडणीने आज तुकड्याही जुळतात.

बजेटच्या सुनावणीला इथलं कुणी गेलंय का? बोर्डासमोर, म्हणजे डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या मंडळासमोर, हे कसं मांडायचं?

---

टेकडीपल्याड | २ मार्च, रात्री ११:०५

कळकळ पोचली, पण मला आधी एक समजावून सांगा. २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी वर्षाच्या करवाढीवर २ टक्क्यांची मर्यादा आणली ना? मग माझा शाळेचा कर गेल्या वर्षी ६ टक्क्यांहून जास्त कसा वाढला? माझी दोन्ही मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली. शाळेला पैसे द्यायला माझी ना नाही, आमच्या मुलांच्या वेळी दुसऱ्यांनी दिलेच होते. पण मर्यादा म्हणायची आणि पाळायची नाही, हे फसवल्यासारखं वाटतं.

---

कडुनिंब | ३ मार्च, सकाळी ७:१५

टेकडीपल्याड, तुमचा राग रास्त आहे. मलाही हे उशिरा कळलं.

२ टक्क्यांची मर्यादा डिस्ट्रिक्टने गोळा करायच्या एकूण करावर आहे, तुमच्या घराच्या बिलावर नाही. गावात घरांचं फेरमूल्यांकन झालं आणि तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त चढली, तर एकूण कर तेवढाच राहूनही तुमचा हिस्सा वाढतो. दुसरं म्हणजे मर्यादेला अपवाद आहेत: आरोग्यविम्याच्या हप्त्यातली मोठी वाढ, पट वाढणं. बाँडच्या कर्जाची परतफेड तर मर्यादेच्या बाहेरच आहे. तिसरं, एखाद्या वर्षी डिस्ट्रिक्टने पूर्ण २ टक्के घेतले नाहीत तर उरलेली मुभा पुढच्या तीन वर्षांत वापरता येते, तिला 'बँक्ड कॅप' म्हणतात. आणि २०२४ मध्ये ज्या डिस्ट्रिक्टांची मदत कापली गेली त्यांना ९.९ टक्क्यांपर्यंत कर वाढवायची खास परवानगी मिळाली होती. तुमचं डिस्ट्रिक्ट त्यात होतं का ते बघा.

अजून एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. पूर्वी एप्रिलमध्ये शाळेच्या बजेटवर मतदान व्हायचं. २०१२ च्या जानेवारीत कायदा बदलला. बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला हलवली आणि बजेट मर्यादेत ठेवलं, तर मतदान घ्यावंच लागत नाही. बहुतेक डिस्ट्रिक्टांनी तेच केलं. त्यामुळे मर्यादेतल्या बजेटवर आपल्या हातात उरली ती फक्त सुनावणी.

---

मोगरा_सुगंध | ३ मार्च, दुपारी १:३०

वाचतेय. तुकड्यांचं गणित पहिल्यांदाच असं उलगडून वाचलं. पण मग भावंडं दोन शाळांत, सकाळी दोन ठिकाणी सोडायचं, त्याचं काय?

---

सातवीचीबाई | ३ मार्च, संध्याकाळी ६:५०

मी गेली १४ वर्षं इथल्या एका पब्लिक स्कूलमध्ये गणित शिकवते. बजेटचा विषय निघाला की शेवटी खापर शिक्षकांच्या विम्यावर फुटतं, म्हणून मीच आधी त्यावर लिहिते. आतलं चित्र बाहेरच्यांना माहीत नसतं.

२०११ च्या कायद्याने ('चॅप्टर ७८') आम्हाला विम्याच्या हप्त्यातला टक्का भरावा लागायचा, पगारानुसार ३ ते ३५ टक्के. हप्ता वाढला की आमचाही भाग वाढायचा. माझ्या काही सहकारी बायकांचा हातात येणारा पगार पगारवाढीनंतर कमी झालेला मी पाहिलाय. २०२० मध्ये 'चॅप्टर ४४' आला. नव्या योजनेत आमचा भाग हप्त्यावर न ठरता पगाराच्या टक्क्यावर ठरतो. आम्हाला दिलासा मिळाला, हे मी कबूल करते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हप्ता वाढला तर ती वाढ जवळपास सगळी डिस्ट्रिक्टवर, म्हणजे तुमच्यावर पडते. आणि २०२३ मध्ये राज्याच्या शालेय योजनेचे हप्ते दोन आकडी टक्क्यांनी वाढले.

शिक्षकांचा हिस्सा पुन्हा वाढवा ही मागणी माझ्यासाठी वेदनादायक आहे आणि मी तिला पाठिंबा देणार नाही. पण एक प्रश्न आम्ही आणि तुम्ही मिळून विचारू शकतो. डिस्ट्रिक्टने राज्याच्या योजनेबाहेरचे भाव शेवटचे कधी मागवले? अनेक डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन आरोग्यविम्याचा सामायिक निधी चालवतात, तो पर्याय तपासला का? विम्याचा दलाल किती कमिशन घेतो आणि कोणाकडून? हे प्रश्न सुनावणीत कुणी विचारलेले मी १४ वर्षांत ऐकले नाहीत. विमा जितका स्वस्त पडेल तितकी आमच्या करारात पगारासाठी जागा उरते, त्यामुळे हे आमच्याही हिताचं आहे.

पेन्शनबद्दल गैरसमज नको. शिक्षकांच्या पेन्शनमधला मालकाचा हिस्सा राज्य भरतं, गावचं डिस्ट्रिक्ट नाही. तो भार तुमच्या इन्कम टॅक्सवर आहे, या बिलावर नाही.

---

कडुनिंब | ३ मार्च, रात्री ९:४०

सातवीचीबाई, मनापासून आभार. हे तीन प्रश्न मी जसेच्या तसे लिहून घेतले.

मोगरा_सुगंध, अडचण खरी आहे. बसचे फेरे लांबतात आणि तीन वर्षांनी पुन्हा शाळा बदलावी लागते. दोन इमारती जवळ असतील तरच हे सोसतं. आमच्या दोन शाळांत सव्वा मैल अंतर आहे, म्हणून मी मागे लागलोय. पाच मैल असतं तर विषयही काढला नसता.

---

शांतनदी | ४ मार्च, रात्री १२:१०

हा धागा दोन दिवस वाचून बंद करत होते, लिहू की नको असं होत होतं. कारण अशा चर्चेत पुढचं वाक्य नेहमी 'स्पेशल एज्युकेशनवर किती खर्च होतो' हे असतं. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. बोर्डाच्या मीटिंगमध्ये मी मागच्या रांगेत बसलेले असताना एक गृहस्थ माइकवर म्हणाले, "दहा मुलांमुळे आमचा कर वाढतो." त्या दहांतला एक माझा होता.

म्हणून आकडा मीच सांगते. गावच्या शाळेत सोय नसेल तर मुलाला बाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागतं. ट्यूशन आणि बस धरून एका मुलामागे वर्षाचा खर्च एक लाख डॉलरपर्यंतही जातो. कायद्याने डिस्ट्रिक्टला तो करावाच लागतो आणि करायलाच हवा. १९७५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला तेव्हा केंद्र सरकार जादा खर्चासाठी देशातल्या सरासरी दर-मुलामागच्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देईल असं ठरलं होतं. नेहमीच्या वर्षांत ती मदत त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचलेली नाही. उरलेलं राज्य आणि गाव भरतं. माझा मुलगा कुणाच्या करावर डल्ला मारत नाहीये, वॉशिंग्टनने जे भरायचं ते भरलं नाही म्हणून तुमचं बिल फुगलंय.

माझा मुलगा चार वर्षं रोज ५० मिनिटं जायला आणि ५० मिनिटं यायला व्हॅनमध्ये बसायचा. घरी आला की काही तास नुसता रडायचा. मग आम्ही सात पालकांनी मिळून डिस्ट्रिक्टच्या मागे लागून गावातल्याच शाळेत वर्ग सुरू करवला. वर्तनविश्लेषक नेमला, दोन खोल्या बदलल्या, सहायक घेतले. आता तो चालत शाळेत जातो. आणि त्या वर्गात रिकाम्या राहिलेल्या तीन जागांवर शेजारच्या डिस्ट्रिक्टची मुलं येतात, त्यांची ट्यूशन आमच्या डिस्ट्रिक्टला मिळते. खर्च कमी झाला आणि माझं मूल शांत झोपायला लागलं.

त्यामुळे विचारायचंच असेल तर "किती मुलं बाहेर जातात, का जातात आणि त्यांच्यातल्या किती जणांना इथेच चांगला वर्ग मिळू शकेल" असं विचारा. सगळ्यांना नाही मिळणार. काही मुलांना बाहेरचीच शाळा लागते. ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

---

टेकडीपल्याड | ४ मार्च, सकाळी ८:००

शांतनदी ताई, मी तो माइकवरचा माणूस नाही, पण मनात कधीतरी तसं आलं होतं. माफ करा. ४० टक्क्यांचं मला ठाऊकच नव्हतं.

---

पश्चिमकडा | ४ मार्च, रात्री ११:५५

कॅलिफोर्नियातून लिहितोय. तुमच्या चर्चेत अजून कुणी 'करालाच टाळं ठोका' म्हटलं नाही, पण म्हणतील, म्हणून आमचा अनुभव.

जून १९७८ मध्ये इथे प्रपोझिशन १३ मंजूर झालं. कर घराच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला आणि ती किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढवायची, घर विकलं की नव्याने मोजायची. त्या वेळी लोक खरोखर होरपळत होते, वृद्धांना कर भरण्यासाठी घरं विकायची वेळ आली होती, हे विसरून चालणार नाही. पण परिणाम काय झाला? शाळांच्या पैशाची सूत्रं गावातून उचलून राजधानीत गेली. राज्याचा बराचसा महसूल इन्कम टॅक्समधून आणि श्रीमंतांच्या शेअरच्या नफ्यातून येतो, त्यामुळे बाजार पडला की शाळा पडतात. आणि माझ्या गल्लीत एकाच मापाच्या दोन घरांपैकी १९८५ मध्ये घेतलेल्याचा कर एक आणि माझा त्याच्या कितीतरी पट.

मॅसॅच्युसेट्सने १९८० मध्ये अडीच टक्क्यांची मर्यादा आणली, पण तिथे गावाला मतदान करून मर्यादा ओलांडता येते. त्यामुळे निर्णय निदान गावात राहतो. तुमची मर्यादाही त्याच प्रकारची आहे. ती सांभाळा.

---

चेसापीक | ५ मार्च, सकाळी ९:१०

मेरीलँडमध्ये संपूर्ण राज्यात २४ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) एक आणि बाल्टिमोर शहराचा वेगळा. तुमच्याकडे जवळपास ६०० ना? म्हणजे सहाशे सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी), सहाशे बिझनेस ऑफिस. सगळ्यात मोठी बचत इथेच नाही का?

---

कडुनिंब | ५ मार्च, रात्री १०:३०

चेसापीक, इथे प्रत्येकाच्या मनात पहिला विचार हाच येतो. माझ्याही आला होता. आकडे मांडले तेव्हा उत्साह थोडा ओसरला.

सुपरिंटेंडंटचा पगार सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. म्हणून तर २०११ मध्ये राज्याने त्यांच्या पगारावर मर्यादा घातली होती. अनुभवी माणसं पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्ककडे जाऊ लागली आणि २०१९ मध्ये मर्यादा काढून टाकली. पण बजेटमध्ये वरच्या ऑफिसचा वाटा लहान असतो. दोन डिस्ट्रिक्ट एकत्र केली की शिक्षकांचे दोन पगारतक्ते एकत्र होतात आणि वरच्या तक्त्याकडे सरकतात, खालच्याकडे कधीच नाही. एका सुपरिंटेंडंटचं वाचलेलं तिथेच संपू शकतं. शिवाय एका गावाचा कर वाढतो आणि दुसऱ्याचा उतरतो, म्हणून ज्यांचा वाढतो ते मत देत नाहीत. २०२२ मध्ये राज्याने विलीनीकरणाच्या अभ्यासासाठी अनुदान देणारा कायदा केला. ज्या गावांत एकच छोटी शाळा आहे तिथे ते जरूर करावं.

मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टांना विलीन न होता बरंच वाटून घेता येतं: बिझनेस ऑफिस, बसचे मार्ग, शांतनदी ताईंनी सांगितलेले खास वर्ग, वीज-गॅसची एकत्र खरेदी.

---

जुनापिंपळ | ६ मार्च, दुपारी ३:२०

मी १९७४ मध्ये या राज्यात आलो. तेव्हा इथे इन्कम टॅक्स नव्हता, हे तरुणांना खरं वाटत नाही.

राज्याच्या घटनेत १८७५ पासून लिहिलंय की राज्याने मोफत शाळांची 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' व्यवस्था ठेवायची. १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध काहिल या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ गावच्या मालमत्ताकरावर शाळा चालवणं या वचनात बसत नाही, गरीब गावांच्या मुलांवर अन्याय होतो. विधिमंडळ तीन वर्षं टोलवत राहिलं. शेवटी १ जुलै १९७६ ला न्यायालयाने शाळांवर पैसे खर्च करायलाच बंदी घातली आणि शाळा बंद पडल्या. उन्हाळा होता म्हणून निभावलं. आठवड्याभरात गव्हर्नर बर्न यांनी इन्कम टॅक्सवर सही केली. तो पैसा मालमत्ताकराचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा असं त्याच वर्षी घटनेतही घातलं गेलं.

मग शाळांच्या पैशावरूनच अ‍ॅबट खटले आले, ३१ गरीब डिस्ट्रिक्टांना न्याय मिळाला. २००८ मध्ये सगळ्यांसाठी एक सूत्र झालं. त्या सूत्रात गावाचा 'न्याय्य हिस्सा' घरांच्या किमती आणि रहिवाशांचं उत्पन्न यांवरून ठरतो. घरांच्या किमती चढल्या की कागदावर गाव श्रीमंत होतं आणि मदत घटते. घरात राहणाऱ्याच्या हातात मात्र एक डॉलर जास्त आलेला नसतो. कडुनिंब, तुमच्या डिस्ट्रिक्टची मदत का घटली याचं उत्तर बहुधा इथे सापडेल. हे भांडण बोर्डाशी नाही, ट्रेंटनशी, म्हणजे राज्याच्या राजधानीशी आहे. आपल्या आमदारांना पत्र लिहा. ते पत्रं मोजतात.

---

रिकामीओंजळ | ६ मार्च, रात्री ८:४५

थोडं वेगळं. आपण सगळे 'खर्च कमी' असं गृहीत धरतोय. खर्च आणि शिक्षण यांचा संबंध आहे की नाही?

दोन टोकं सांगते. मिसूरीतल्या कॅन्सस सिटीत १९८५ नंतर न्यायालयाच्या आदेशाने शाळांवर सुमारे दोन अब्ज डॉलर ओतले. नव्या इमारती, ऑलिम्पिकच्या मापाचा तलाव. मुलांचे गुण हलले नाहीत. दुसरीकडे जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी २०१६ मध्ये दाखवलं की शाळेची पूर्ण १२ वर्षं दर मुलामागे १० टक्के जास्त खर्च झाला, तर ती मुलं मोठेपणी सुमारे ७ टक्के जास्त कमावतात. गरीब घरच्या मुलांना फायदा आणखी मोठा.

टेनेसीत ऐंशीच्या दशकात १३ ते १७ मुलांच्या वर्गांचा प्रयोग झाला, लहान इयत्तांत स्पष्ट फायदा दिसला. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने घाईने राज्यभर वर्ग लहान केले. एवढे प्रशिक्षित शिक्षक नव्हतेच, जे मिळाले ते घेतले आणि फायदा धूसर झाला. म्हणून कडुनिंब, तुमच्या तुकड्यांच्या हिशेबात बालवाडी ते दुसरीला हात लावू नका. तिथे १७ चे २१ होऊ देऊ नका. वरच्या इयत्तांत करा.

---

कडुनिंब | ६ मार्च, रात्री ११:१५

रिकामीओंजळ, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी सगळ्या इयत्ता एका मापाने मोजत होतो. तक्ता बदलतो. तिसरी ते पाचवीच धरतो.

---

तारेवरचापक्षी | ८ मार्च, सकाळी १०:००

मी एका डिस्ट्रिक्टच्या इमारत विभागात काम करतो. चार गोष्टी पटकन.

डिस्ट्रिक्टला शिल्लक साधारण २ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वरची रक्कम पुढच्या बजेटमध्ये कर कमी करायला वापरावी लागते. म्हणून वर्षाच्या शेवटी राखीव निधीत, उदाहरणार्थ कॅपिटल रिझर्व्ह किंवा मेंटेनन्स रिझर्व्हमध्ये, पैसे वळवतात. त्यात वावगं काही नाही, उलट छप्पर गळण्याआधी पैसे साठवलेले चांगले. पण त्या निधीत किती आहे आणि कशासाठी आहे हे विचारा.

बाँडचं मतदान जानेवारी, मार्च, सप्टेंबर किंवा डिसेंबरमध्येही घेता येतं. तेव्हा फार थोडे लोक येतात आणि वीस-वीस वर्षांचं कर्ज मूठभर मतांवर ठरतं. त्या दिवशी जा. मंजूर झालं तर पात्र खर्चाचा काही भाग राज्य उचलतं, म्हणून सरसकट 'नको' म्हणणंही महागात पडतं.

आणि बॉयलर, दिवे, खिडक्या यांसाठी २००९ च्या कायद्याची ऊर्जाबचत योजना आहे. काम आधी करायचं आणि वीज-गॅसमध्ये वाचलेल्या पैशातून १५ वर्षांत फेडायचं, नवा कर न लावता. अजून कितीतरी शाळांनी ती वापरलेली नाही.

महामारीच्या मदतीचंही लक्षात ठेवा. केंद्राने तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले, ते सप्टेंबर २०२४ पर्यंत मार्गी लावायचे होते. ज्या डिस्ट्रिक्टांनी त्या एकदाच मिळणाऱ्या पैशावर कायमच्या जागा भरल्या, तिथे आता खड्डा दिसतोय.

---

मोगरा_सुगंध | २८ एप्रिल, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. कडुनिंब, सुनावणी झाली का?

---

कडुनिंब | १ मे, रात्री ११:३०

परवा झाली. पण खरं काम मार्चमध्येच झालं, ते आधी सांगतो.

तात्पुरतं बजेट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बोर्ड मंजूर करतं आणि काउंटीकडे तपासायला पाठवतं. एप्रिलअखेरच्या सुनावणीपर्यंत जवळपास सगळं ठरलेलं असतं, कारण १५ मेपर्यंत नवख्या शिक्षकांना पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही हे लेखी कळवावं लागतं. म्हणून मी १० मार्चच्या साध्या मीटिंगला गेलो. हॉलमध्ये अकरा माणसं होती. तीन मिनिटं मिळाली. तुकड्यांचा एक पानी तक्ता सगळ्या सदस्यांना दिला, विम्याचे तीन प्रश्न वाचले, आणि बाहेर जाणाऱ्या मुलांबद्दल शांतनदी ताईंचं वाक्य त्यांच्याच शब्दांत विचारलं.

बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाईंनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला. त्या म्हणाल्या, विम्याचे भाव सहा वर्षांत मागवले नव्हते. आता मागवलेत. शाळांची नवी वाटणी येत्या सप्टेंबरला शक्य नाही, बसचे मार्ग आणि इमारती दोन्ही बघावे लागतील, पण समिती नेमली आहे. तिच्यात दोन पालक आणि एक निवृत्त रहिवासी आहे. शेजारच्या काकूंनी नाव दिलं आणि त्यांची निवड झाली.

ग्रंथपालाची जागा अर्धवेळ राहिली. बस बंदच झाली, ज्यांना हवी त्यांना पैसे भरून मिळेल. व्हायोलिनचा वर्ग पाचवीऐवजी सहावीपासून. धाकटी सुनावणीत स्वतः उठून बोलली. घरी आल्यावर तिने विचारलं, "पाचवीतल्या मुलांचं एक वर्ष गेलंच ना?" हो, गेलं.

कर वाढला. मार्चमध्ये सांगितलं होतं त्यापेक्षा कमी, पण वाढला.

---

टेकडीपल्याड | २ मे, सकाळी ७:४०

मी पण आमच्या मीटिंगला गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. आमचं डिस्ट्रिक्ट त्या ९.९ टक्केवाल्यांत होतं. आमच्याकडेही दोन प्राथमिक शाळा आहेत. तुमच्यासारखा तक्ता करायचा तर आकडे कुठले घ्यायचे?

---

कडुनिंब | २ मे, सकाळी ८:०५

१५ ऑक्टोबरचा पट घ्या. राज्याची मदत त्याच दिवशीच्या मोजणीवर ठरते, म्हणून तो आकडा डिस्ट्रिक्टकडे पक्का असतो. शाळावार आणि इयत्तावार मागा, मागची पाच वर्षं. सहज दिला नाही तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा, सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग प्रत्येक इयत्तेसमोर दोन्ही शाळांच्या तुकड्या वेगळ्या आणि एकत्र मांडा. करारात वर्गाची मर्यादा काय आहे ते आधी बघून घ्या, आमच्याकडे २५ आहे, तुमच्याकडे वेगळी असू शकते. आकडे आले की इथे टाका, आपण मिळून बघू.